इफ्तारचे ताट

रमजानमध्ये पाहुणे येणार असले, की अम्मी रोजा असतानाही दुपारपासून शेगडीपाशी उभी असते. एक ताट मात्र आपण मुले शेगडी न पेटवता सजवू शकतो.

मोठी पांढरी थाळी घ्या. स्टीलच्या थाळीत रंग तितके उठून दिसत नाहीत. मधोमध खजूर ठेवा, कारण रोजा बहुधा खजुरानेच सोडतात. भोवती कलिंगडाच्या लाल फोडी, मग काकडीच्या चकत्या आणि कडेला पपई. लाल व नारिंगी रंग शेजारी आले, तर दोन्ही फिके वाटतात. म्हणून मध्ये काकडी.

सफरचंद सर्वांत शेवटी कापावे. कापलेल्या भागाला हवा लागली, की तो तपकिरी पडतो. लिंबाच्या रसातील आम्लामुळे ही क्रिया मंदावते. मीठ फळांतील पाणी बाहेर ओढते आणि ताटात पाणी साचते. चाट मसाल्यातही मीठ असतेच, तेव्हा तो वाटीत वेगळा ठेवलेला बरा.

फळे कापण्यापूर्वी धुवावीत, कलिंगडसुद्धा! साल आपण खात नाही. पण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. दिवसभर उपाशी असलेल्या पाहुण्याच्या पोटात पहिले हेच जाणार असते. म्हणून ताट झाकून ठेवा. मगरिबच्या अजानआधी अर्धा तास कापायला बसले, तरी पुरते.