माझगाव गोदीतील पाणबुड्या : १९८१ ते २०२५

पारंपरिक, म्हणजे अणुशक्तीऐवजी डिझेल व विजेवर चालणाऱ्या, पाणबुड्या भारतात बांधण्याचा प्रारंभ डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू कंपनीशी झालेल्या कराराने झाला, आणि त्यानुसार मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये व ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढील दोन नौकांचा बेत मात्र दलालीच्या आरोपांत बुडाला आणि नव्या करारासाठी २००५ उजाडावे लागले. या खंडाची खरी झळ कसबाला बसली; कारण खोल पाण्याचा दाब पेलणाऱ्या पोलादी कवचाची वेल्डिंग करणारे हात एकदा पांगले, की नकाशे जवळ असूनही ते पुन्हा जमवता येत नाहीत.

२००५ च्या करारातील फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ बनावटीची पहिली नौका ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये, तर सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली; मधल्या ‘खांदेरी’ला थळच्या समुद्रातील शिवकालीन दुर्गाचे नाव लाभले. सुमारे साडेसदुसष्ट मीटर लांबीच्या या नौकांची ‘अदृश्यता’ प्रामुख्याने आवाजाशी निगडित आहे. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, ध्वनी मात्र जातो, म्हणून शत्रूचा सोनार, अर्थात ध्वनीवरून वेध घेणारे यंत्र, चकवण्यासाठी कंपन पावणारी यंत्रे कवचाला थेट न जोडता कंपनशोषक आधारांवर बसवतात.

तरीही एक उणीव उरते. विजेऱ्यांवर चालताना अत्यंत शांत असणारी नौका त्या पुन्हा भारित करण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढणारी नळी, वर काढते, आणि डिझेल इंजिनाच्या त्या घरघरीत सारी मेहनत वाया जाण्याचा धोका असतो. स्वीडनने ‘गॉटलंड’ वर्गात १९९६ मध्येच यावर बाहेरील हवेविना चालणाऱ्या इंजिनाचा उपाय योजला होता. सहाही ‘कलवरी’ नौका मात्र अशा सोयीवाचूनच दाखल झाल्या, हे या कार्यक्रमाचे ठळक वैगुण्य होय. ही उणीव भरून काढण्यासाठी अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या इंधनघटात हायड्रोजन साठवून न ठेवता नौकेवरच तयार केला जातो. त्याची जमिनीवरील चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. हा संच बसवायचा तर नौकेचे कवच आडवे कापून त्यात नवा भाग घालावा लागतो आणि तो सांधा पुन्हा त्याच कसबी वेल्डिंगने जुळवावा लागतो.