साठीनंतर लाटेवर स्वार होताना

‘आता या वयात हे काय सुचले?’ हे वाक्य आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाला वरचेवर ऐकावे लागते. काशी-रामेश्वर करा, चारधाम करा, फार तर मुलाकडे परदेशी जाऊन नातवंडे सांभाळा, याला कोणाची हरकत नसते. पण समुद्रात फळी घेऊन लाटांवर उभे राहायला श्रीलंकेला जातो म्हटले, की घरची मंडळी आधी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात. आमच्या बाबतीत अडचण अशी, की जाणाऱ्या चौघांमधला डॉक्टर मीच आहे.

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर रोज पहाटे फिरणारे आम्ही चार मित्र. एक निवृत्त मास्तर, वय ७०, मधुमेही. एक बँकेतून निवृत्त झालेले, वय ६६. एक आंबा-बागायतदार, वय ६३, गुडघे कुरकुरणारे. आणि ६४ वर्षांचा मी. मास्तरांचा नातू मंगळूरजवळच्या मुल्कीला जाऊन सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून किनाऱ्याकडे येण्याचा खेळ शिकून आला आणि हे वेड आमच्यात शिरले. गाडी करून श्रीलंकेचा दक्षिण किनारा हिंडायचा आणि वाटेत हा खेळ शिकायचा, असा बेत ठरला. त्याच्या तयारीत जे प्रश्न पुढे आले, ते कोणत्याही ज्येष्ठ मित्रमंडळींच्या लांबच्या सहलीत येतील, म्हणून ते येथे मांडतो.

वय आडवे येते का?

नुसते वय आडवे येत नाही. डोरियन पास्कोविट्झ नावाचे अमेरिकन डॉक्टर होऊन गेले. बायको आणि नऊ मुलांना घेऊन ते वर्षानुवर्षे गाडीतच संसार करीत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडले. २००७ साली वयाच्या ८६व्या वर्षी त्यांनी गाझातील तरुणांना सर्फिंगच्या फळ्या नेऊन दिल्या. २०१४ मध्ये ९३व्या वर्षी ते वारले. जपानमधील सेइची सानो यांनी तर ऐंशीच्या घरात आल्यावर पहिल्यांदा फळी हाती घेतली आणि वयाच्या ८८व्या वर्षी सर्वांत वयस्क सर्फर म्हणून त्यांची गिनेस बुकात नोंद झाली.

अशी उदाहरणे हुरूप देतात, पण ती ऐकून कोणी उद्याच फळी खरेदी करू नये. डॉ. पास्कोविट्झ यांचे सारे आयुष्य समुद्रात गेले होते. आपण खुर्चीत ३५ वर्षे काढून उठलेलो असतो. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘वय किती?’ हा नसून ‘शरीराची आजची ताकद किती?’ हा आहे.

आधी तपासणी, मग तिकीट

लाटेवर उभे राहण्याचा आनंद काही सेकंदांचा असतो. त्याआधी फळीवर पालथे पडून दोन्ही हातांनी पाणी मारत आत जावे लागते. हे श्रमाचे काम आहे. छाती, खांदे आणि दंड एकसारखे राबतात, नाडी वेगाने धावते. दोन मजले न थांबता चढताना ज्याला धाप लागते किंवा छातीत जड वाटते, त्याने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. आणि दोन मजले सहज चढता येतात, एवढ्यावर पाण्यात उतरण्याची परवानगी मिळाली असेही समजू नये.

साठीनंतर अशा सहलीला जाणाऱ्याने निदान तीन महिने आधी रक्तदाब, रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे कार्य व ई.सी.जी. तपासून घ्यावे. रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास ‘स्ट्रेस टेस्ट’ करावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत समुद्राचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये.

विम्याचा अर्ज भरताना जुना आजार लपवू नये. मधुमेह लिहिला नाही आणि परदेशात त्यामुळेच रुग्णालयात पडावे लागले, तर कंपनी पैसे नाकारू शकते. काही पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. ते कलम नातवाकडून नव्हे, स्वतः चष्मा लावून वाचावे.

गोळ्या आठ दिवस बंद?

आमच्या बँकवाल्या मित्राला गेल्या मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. जानेवारीत आमची सहल, म्हणजे जेमतेम दहा महिने झालेले. त्याच्या दोन गोळ्या चालू आहेत, दोन्ही रक्तातील गुठळी रोखणाऱ्या. अशी दुहेरी औषधे झटक्यानंतर बहुधा वर्षभर द्यावी लागतात. या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या डोक्याला फळी लागली, तर वरून साधी दिसणारी जखम आत रक्तस्राव करू शकते.

एका संध्याकाळी त्याने मला बाजूला घेऊन विचारले, “अरे, आठच दिवसांचा प्रश्न आहे. तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर? घरी काही बोलू नकोस.”

वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. स्टेंट बसवल्यावर पहिल्या वर्षात या गोळ्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. दात काढायचा असो, लग्नकार्य असो वा सहल, या गोळ्या फक्त हृदयरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच कमी-जास्त करावयाच्या असतात. मी त्याला स्पष्ट नाही म्हणून सांगितले आणि वहिनींसमोर बसून बोलू, असा आग्रह धरला.

वहिनींना वाटत होते तसे झाले नाही. त्या चिडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भावजी, त्यांना घरात कोंडून ठेवायचे नाही मला. मार्चमध्ये ते घाबरले होते, आता पुन्हा हसायला लागलेत. पण परत जसे गेले तसेच आले पाहिजेत.”

मग प्रश्न उरला मास्तरांचा. सहल वर्षभर पुढे ढकलली, तर ते ७१ वर्षांचे होणार. सत्तरीनंतर विम्याचा हप्ता वाढतो आणि अटीही कडक होतात. “माझे पुढचे वर्ष कोणी पाहिले आहे?” असे ते म्हणाले, आणि त्यांचे चुकत नव्हते. तिघांनी जावे आणि एकाने मागे राहावे, हाही पर्याय होताच. दोन दिवस कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फिरताना मास्तरच म्हणाले, “चौघे जाऊ. तोवर मी साखर ताब्यात ठेवतो.”

शेवटी असे ठरले की, श्रीलंका पुढच्या वर्षीच्या जानेवारीत. या फेब्रुवारीत कोकण रेल्वेने मुल्कीला जाऊन तिघांनी रंगीत तालीम करावयाची. चौथ्याने किनाऱ्यावर बसून वेळ आणि साखर यांची वही सांभाळावयाची. त्याच्या पाण्यात उतरण्याचा निर्णय वर्ष झाल्यावर त्याचे हृदयरोगतज्ज्ञ देतील, मी नाही. मित्राने मित्राचा डॉक्टर होऊन असा दाखला लिहू नये, असे माझे मत आहे.

कोठे आणि केव्हा?

श्रीलंका निवडण्याची कारणेही आरोग्याचीच आहेत. तेथील समुद्राचे पाणी कोमट, म्हणजे सुमारे २७ ते २९ अंश असते. पोर्तुगाल किंवा इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाणी थंडगार. अशा पाण्यात एकदम उतरल्यावर श्वास कोंडतो, रक्तदाब चढतो, आणि साठीनंतरच्या हृदयाला ते मानवेलच असे नाही. शिवाय मुंबईहून कोलंबोचा विमानप्रवास अडीच तासांच्या आसपास. घड्याळही आपलेच चालते, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत.

हंगाम मात्र पाहून जावे. दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. पूर्वेकडच्या अरुगम बे येथे नेमके उलट, मे ते सप्टेंबर. गॉलपासून सुमारे ३० किलोमीटरवर वेलिगामा येथील उपसागराचा तळ वाळूचा आहे, म्हणून नवशिक्यांनी तेथेच शिकावे. मिडिगामा व हिक्कडुवा येथे पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. ते बघायला सुंदर, पडायला वाईट!

गाडी स्वतः चालवण्याचा हट्ट आम्ही सोडला. तेथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात. पण सकाळी समुद्रात दमलेल्या माणसाने दुपारी परक्या रस्त्यावर स्टिअरिंग धरू नये. चालकासह व्हॅन ठरवलेली बरी. दर दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे पाय मोकळे करावेत, म्हणजे पायांत सूज व गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पुष्कळ ज्येष्ठ पुरुष लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. उन्हाळी हवेत, त्यातही रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असताना, असे केल्यास चक्कर येऊन पडायला होते.

तीन महिन्यांची तयारी

पोहता येत नसेल, तर फळीला हात लावू नये. आम्ही खाडीत पोहलेली माणसे. पण समुद्राचे पाणी वेगळे, हे कोळी बांधवांना विचारावे. आठवड्यातून तीन दिवस पोहणे आणि रोज ४० मिनिटे भरभर चालणे एवढे तीन महिने झालेच पाहिजे. त्याला तीन व्यायामांची जोड द्यावी. जमिनीवर पालथे पडून हातांच्या आधाराने उठून उभे राहणे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे. आणि भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळणे. पहिल्या दिवशी बागायतदारांचा तोल चार सेकंदही टिकेना. महिन्याने ते पंधरा सेकंदांवर आले. सर्फिंग झाले नाही, तरी न्हाणीघरात पाय घसरण्याची भीती कमी झाली, हा फायदा पदरात पडलाच.

गुडघे दुखणाऱ्यांनी उभे राहण्याचा अट्टाहास करू नये. पालथे पडून किंवा गुडघ्यांवर बसूनही लाट घेता येते.

पाण्यात उतरताना

शिक्षकाशिवाय उतरू नये. आठ-नऊ फुटी मऊ, फोमची फळी घ्यावी आणि तिची दोरी घोट्याला बांधलेली असावी. पाणी कमरेएवढे असताना डोके खाली करून कधीच पडू नये; आडवे, सपाट पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे. मानेच्या दुखापती उथळ पाण्यातच होतात.

ओढ लागून पाणी आत खेचू लागले, तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. त्यात माणूस दमतो आणि बुडतो. फळी सोडू नये, हात वर करून मदत मागावी, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे.

पहिल्याच दिवशी फार वेळ फळीवर पालथे पडून पाठ मागे ताणून ठेवू नये. नवशिक्यांच्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा त्यामुळे बिघडू शकतो, असे हवाई बेटांवरील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रथम नोंदवले. हा प्रकार फार विरळा आहे आणि बहुतेक रुग्ण तरुण होते. तरीही पाठीत एकाएकी कळ येऊन पाय जड किंवा बधिर वाटू लागल्यास ताबडतोब बाहेर यावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेहींनी पाण्यात जाण्यापूर्वी साखर तपासावी. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असून ती १०० च्या खाली असेल, तर आधी काही खावे. २५० च्या वर असेल, तर त्या दिवशी वाळूवरच बसावे. ग्लुकोजची पुडी जवळ असावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, आणि विमानात ते हातातल्या पिशवीतच असावे. कवळी व कानाचे यंत्र काढून ठेवूनच पाण्यात जावे. सकाळी नऊच्या आत एक तास, एवढे आमच्या वयाला पुरे आहे.

श्रीलंकेत आता मलेरिया नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. डेंग्यू मात्र आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट व डासांचे मलम बाळगावे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. रुग्णवाहिकेचा क्रमांक १९९० आहे. भारताच्या मदतीने २०१६ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे. मोठे सरकारी रुग्णालय गॉलजवळ करापिटिया येथे आहे.

एका कागदावर प्रत्येकाचे नाव, रक्तगट, आजार, गोळ्यांची मूळ नावे व मात्रा आणि घरचा फोन लिहावा. त्याच्या चार प्रती काढून प्रत्येकाच्या खिशात चौघांचेही कागद असू द्यावेत. गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्याव्यात आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवाव्यात. आमचे कागद वहिनींनी लिहून दिले आहेत, कारण डॉक्टरांचे अक्षर कोणालाच लागत नाही!