'सरावली'त अक्षरे किती?

बोईसरजवळच्या 'सरावली' या नावात अक्षरे किती? तुम्ही चटकन सांगाल, चार: स, रा, व, ली. हाच प्रश्न 'सी' भाषेतील आज्ञावलीला विचारला, तर उत्तर कधी १८ येते, कधी ६! गंमत म्हणजे यांपैकी एकही उत्तर चूक नाही. आपण काय मोजायला सांगितले, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम १८ चा उलगडा करू. संगणकाच्या स्मृतीतील एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. इंग्रजी अक्षरांना तेवढी जागा पुरते. पण जगातील सर्व लिप्यांना ती कशी पुरणार? म्हणून युनिकोड पद्धतीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला आहे. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. 'स'चा क्रमांक २३६०, तर कान्याचा २३६६. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत 'स' तीन बाइटांत लिहितात: २२४, १६४, १८४. 'सरावली'त स, र, काना, व, ल आणि दुसरी वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. सहा त्रिक अठरा!

आता समजा, एखाद्या आज्ञावलीने नावासाठी १० बाइटच राखले. नऊ बाइटांत 'सरा' बसेल आणि दहावा बाइट म्हणजे 'व'चा तुटका तुकडा! यादीतील माणसाचे नावही असेच कापले जाईल. हे टाळण्यासाठी 'सी'मध्ये 'रुंद अक्षर' हा प्रकार आहे. ते लिनक्सवर ४ बाइटांचे, तर विंडोजवर २ बाइटांचे असते. मराठीचे प्रत्येक चिन्ह दोन्हींत अखंड मावते. अवतरणचिन्हाआधी 'एल' लिहिले, की मजकूर रुंद अक्षरांचा होतो. तो छापण्यासाठी 'प्रिंटएफ'ऐवजी 'डब्ल्यूप्रिंटएफ' वापरतात.

येथे दोन पथ्ये पाळावीत. आरंभीच 'सेटलोकेल' ही आज्ञा देऊन यंत्रावर ठरवलेली भाषा व लिपी स्वीकारावी. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात किंवा काहीच उमटत नाही. दुसरे असे, की रुंद लिखाण सुरू केल्यावर त्यात साधे 'प्रिंटएफ' मिसळू नये.

आता पडद्याकडे वळू. टर्मिनलची खिडकी गणिताच्या चौकटींच्या वहीसारखी असते. १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर एका ओळीत ८० घरे होती. आजच्या खिडक्याही घरेच मोजतात. गावांचा तक्ता करताना नावासाठी १० घरे राखली, असे समजा. 'डब्ल्यूप्रिंटएफ' चिन्हे मोजून मोकळी जागा सोडते: 'सरावली'ची ६ आणि ४ मोकळी, 'पालघर'ची ५ आणि ५ मोकळी. पुढचा रकाना सरळ रेषेत येतो.

पण 'डहाणू' लिहिताच रकाना एक घर डावीकडे सरकतो! का बरे? यातही चिन्हे ५ आहेत, म्हणून मोकळ्या जागा ५ सुटल्या. परंतु 'णू'चा उकार 'ण'च्या खालीच बसतो, वेगळे घर घेत नाही. काना व वेलांटी यांना मात्र बहुतेक टर्मिनले स्वतंत्र घर देतात. म्हणून 'डहाणू'ला घरे लागतात चारच. ही घरे मोजायला लिनक्सवर 'डब्ल्यूसीएसविड्थ' हे निराळे फलन आहे. त्याला विचारून मोकळ्या जागा ६ सोडल्या, की तक्ता पुन्हा सरळ होतो.

म्हणजे साठवताना बाइट, मजकूर तोडताना चिन्हे आणि पडद्यावर मांडताना घरे मोजावीत. इंग्रजीत ही तिन्ही उत्तरे सारखीच येतात, त्यामुळे तेथे हा फरक ध्यानात येत नाही. मराठीत तो लगेच उघडा पडतो. आता तुमच्या स्वतःच्या नावाचे बाइट, चिन्हे आणि घरे मोजून पाहा. त्यात 'क्ष' असेल तर जपून: क, हलन्त आणि ष मिळून ती तीन चिन्हे आहेत!