फ्लॅश पडला नाही, म्हणजे गन बिघडली?

कुंभिवली, खोपोली, खालापूर, चौक, कर्जत या पट्ट्यात फोटोग्राफरला बहुतेक वर्षभर काम असतं. एप्रिल-मेमध्ये गावोगावची लग्नं, त्यातही हळदीची रात्र मोठी. पाऊस सुरू झाला की धबधब्यांपाशी आणि फार्महाउसवर प्री-वेडिंग शूटची गर्दी. उजेडाची पंचाईत दोन्हीकडे. हळद अंगणातल्या मांडवात रात्री उशिरापर्यंत चालते, आणि जुलैच्या ढगांखाली भर दुपारीसुद्धा डोंगराच्या पायथ्याला चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश नसतो. कॅमेऱ्यावर बाहेरून लावायची फ्लॅशगन इथे हौसेची वस्तू नाही. ती भरवशाचीच हवी, कारण अंतरपाट एकदाच दूर होतो.

नेमकी तीच दगा देते, अशी तक्रार सतत ऐकू येते. कधी पडते, कधी पडत नाही; एक फोटो उजळ, पुढचा काळा. मग ‘गन गेली’ असा निकाल लागतो आणि गन कपाटात जाते किंवा पडेल किमतीत विकली जाते. माझं ठाम मत आहे की यातल्या पुष्कळ गन धडधाकट असतात. सेल, गनमधला कंडेन्सर, पायाचे कॉन्टॅक्ट, कॅमेऱ्याची सेटिंग आणि ट्रिगर या सगळ्यांचं जुळलं तरच उजेड पडतो. यातलं नेमकं काय अडलंय ते न पाहता गनला दोष देणं तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून पहिली तपासणी नेहमी एकच. गन कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्या, ताजे सेल घाला, गनवरचा रेडी लाइट लागला की टेस्ट बटण दाबा. असं दहा-बारा वेळा करा. प्रत्येक वेळी उजेड पडला, तर गनचं पोट ठीक आहे; दोष पायात, कॅमेऱ्यात किंवा ट्रिगरमध्ये शोधायचा. टेस्ट बटणावरही चुकली, तर सेल आणि गन यांच्याकडे बघायचं. पुढे काहीही बदलाल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. सेल, ट्रिगर आणि कॅमेरा एकदम बदलले आणि गन चालू झाली, तर दोष कुठे होता ते कळतच नाही, आणि पुढच्या लग्नात तो पुन्हा भेटतो.

‘दिवा लागला म्हणजे गन पूर्ण भरली’

सर्वांत जास्त काळे फोटो या समजुतीपायी येतात. चार पेन्सिल सेलचे मिळून पाच-सहा व्होल्ट होतात. गनमधलं सर्किट ते वाढवून सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत नेतं आणि त्या दाबाने कंडेन्सर भरतं. फोटो काढताच हा साठा झेनॉन वायूच्या नळीतून सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास रिकामा होतो. म्हणजे बारीक नळाने हौद भरायचा आणि एका झटक्यात उपसायचा. रेडी लाइट बहुतेक गनमध्ये कंडेन्सर पूर्ण भरण्याच्या आधीच लागतो. दिवा लागताक्षणी बटण दाबलं तर उजेड कमी मिळतो, आणि लागोपाठ तीन-चार वेळा दाबलं तर तिसरा-चौथा फोटो अंधाराच नाही तर मुळी फ्लॅशशिवायच येतो. अक्षता पडताना बोट बटणावरून निघत नाही, त्यामुळे हे हमखास तिथेच घडतं.

यावर उपाय नवी गन नाही. फुल पॉवरला हौद तळापर्यंत रिकामा होतो. पाव पॉवरला बराच साठा शिल्लक राहतो आणि पुढचा उजेड जवळजवळ लगेच मिळतो. आयएसओ ४०० वरून १६०० केला की तोच चेहरा उजळायला गनची पाव ताकद पुरते. आजच्या कॅमेऱ्यांना आयएसओ १६०० काही जड नाही. तरी अनेक जण जुन्या सवयीने आयएसओ ४०० धरून बसतात आणि गनला रात्रभर फुल पॉवरवर राबवतात.

तसं राबवल्यावर ती तापणारच. लागोपाठ वीसेक पूर्ण ताकदीचे फ्लॅश झाले की दहा मिनिटं विश्रांती द्या, अशी सूचना काही गनच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेली असते. कितीतरी गन तापल्यावर स्वतःच वेग कमी करतात किंवा थांबतात. मे महिन्यातल्या मांडवात, वर हॅलोजन आणि खाली गर्दी असताना, हे आणखी लवकर होतं. पाच-दहा मिनिटांनी गन पुन्हा नीट चालू लागली, तर ती बिघडली नव्हती, स्वतःला वाचवत होती.

‘दीड व्होल्टचा सेल जास्त ताकदीचा’

साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असतात, चार्जिंगच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२. आकडे पाहून चार्जिंगचा सेल कमजोर वाटतो. पण गनला थोड्या वेळात काही अँपियर करंट ओढायचा असतो. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे एवढा करंट मागितला की त्याचे व्होल्ट कोसळतात. चार्जिंगच्या सेलचा रोध कमी असतो; तो १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि कंडेन्सर लवकर भरतो. ऐन वेळी गावातल्या दुकानातून घेतलेले स्वस्त झिंक-कार्बन सेल तर भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक, गनसाठी नाहीत.

चार्जिंगच्या सेलमध्येही फरक आहे. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून महिन्याभरात बराच चार्ज गमावतात. २००५ मध्ये सान्योने आणलेल्या एनेलूपपासून हळू उतरणारे सेल बाजारात आले. घ्यायचे तर असे घ्या. चारही सेल एका कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच चार्ज केलेले असावेत. एक जरी कमजोर असला तरी बाकीचे तीन त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात, तो उलटा चार्ज होतो आणि कायमचा निकामी होतो. ‘गन मधूनच बंद पडते’ या तक्रारीमागे असा एकच सेल असू शकतो. सेलना पेनाने क्रमांक देऊन चार-चारचे संच ठरवले, तर हा घोळ राहत नाही.

पावसाळाभर सेल आत राहिलेली गन उघडली की स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसते. ती अल्कलाइन सेलमधून गळलेल्या क्षाराची. हाताला लागू देऊ नका. कापूस लावलेल्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या.

‘टीटीएलवर ठेवलं की कॅमेरा सगळं बघून घेतो’

टीटीएलमध्ये गन मुख्य उजेडाआधी एक छोटा उजेड टाकते, आणि परतलेला प्रकाश मोजून कॅमेरा ताकद ठरवतो. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीत नसतं. तो मध्यम करडा धरून चालतो. नवरदेवाचा पांढरा कुर्ता, जरीची चमक, मागे आरसे लावलेली सजावट, यातून प्रकाश जास्त परततो, म्हणून कॅमेरा ताकद कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. काळा कोट समोर आला की उलटं होतं. एक फोटो उजळ आणि एक काळा, यात गनचा काही दोष नाही. पांढऱ्या कपड्यांसाठी फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन अधिक एकच्या आसपास ठेवावं. नवरा-नवरी स्टेजवर उभे आहेत, अंतर बदलत नाही, तर मॅन्युअल पॉवर लावणं मला सर्वांत खात्रीचं वाटतं.

‘पाय घासला की झालं’

गनच्या पायावरचे आणि कॅमेऱ्याच्या हॉट शूमधले कॉन्टॅक्ट स्वच्छ हवेत, हे खरं. हळदीच्या रात्री तेल आणि हळद लागलेल्या हाताने गन काढघाल केली की त्यांच्यावर चिकट थर बसतो, आणि घाम त्यात भर घालतो. पण खोडरबर जोरात घासल्याने सोनेरी मुलामा जातो आणि रबराचा चुरा शूमध्ये अडकतो. पॉलिश पेपर तर नकोच. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून हलकेच पुसा. मग गन शेवटपर्यंत सरकवून लॉक फिरवा. अर्धवट सरकलेला पाय आणि सैल लॉक यांनीच निम्मी भुतं उभी केलेली असतात.

काही वेळा पुसूनही फरक पडत नाही, कारण कॅमेऱ्यात तो कॉन्टॅक्टच नसतो. २०१९ मध्ये आलेल्या कॅनन २००डी मार्क टू या आपल्याकडे पुष्कळ खपलेल्या कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधला गोल कॉन्टॅक्ट नाही. त्यामुळे फक्त मधल्या पिनवर चालणाऱ्या साध्या मॅन्युअल गन आणि स्वस्त ट्रिगर त्यावर अजिबात चालत नाहीत. अशा वेळी गन बदलून बदलून माणूस थकतो. घेण्याआधी शूमध्ये डोकावून बघा.

उलट बाजूने, काकांच्या काळातली जुनी गन नव्या कॅमेऱ्यावर चढवण्याचा मोह आवरा. फिल्मच्या जमान्यातल्या काही गन पायावर दोनशेहून अधिक व्होल्ट देतात. आंतरराष्ट्रीय मानकाने कॅमेऱ्यासाठी धरलेली मर्यादा २४ व्होल्ट आहे. गन चार्ज करून पायाची मधली पिन आणि कडेची पट्टी यांच्यात मल्टिमीटर लावला की आकडा कळतो. तो मोठा निघाला, तर गन कॅमेऱ्यावर लावू नका.

‘कॅमेऱ्यात काही बदललं नाही, म्हणजे दोष गनचाच’

मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट शटर लावलं जातं. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पडत नाही. सेटिंग तशीच राहते आणि पुढचा तासभर दोष गनमध्ये शोधला जातो. तसंच, गन काही मिनिटं वापरली नाही तर ती आपोआप झोपते. शटर अर्धं दाबून तिला जागं करावं लागतं. आणि उन्हात शटर १/२०० च्या पुढे नेलं, गनमध्ये किंवा ट्रिगरमध्ये हाय-स्पीड सिंक नसेल, तर फोटोत काळा पट्टा येतो. तो पट्टा शटरच्या पडद्याचा.

‘ट्रिगरची रेंजच कमी’

शंभर मीटर रेंजचा ट्रिगर दहा मीटरवर का चुकतो? बहुतेक बिनतारी ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच. कार्यालयात शेकडो मोबाइल असतात, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. गन गर्दीच्या डोक्यांवर उंच स्टँडवर लावली आणि चॅनेल बदललं की फरक दिसतो. गन आणि ट्रिगर अगदी जवळ, एका मीटरच्या आत असले तरी काही सेट चुकतात. गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये यासाठी जवळच्या अंतराची वेगळी सेटिंग आहे. गन आपोआप पडत असेल, तर आधी ती ऑप्टिकल स्लेव्हवर नाही ना ते पाहा. त्या मोडमध्ये शेजारच्या फोटोग्राफरच्या फ्लॅशलाही ती साथ देते.

‘पावसात भिजली तर तांदळात ठेवा’

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तांदूळ हवेतली ओल फारशी ओढत नाहीत, वर पीठ आणि धूळ कॉन्टॅक्टमध्ये जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. भिजलेली गन लगेच चालू करून पाहणं टाळा. सेल काढून ती दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या.

न भिजलेली पण महिनोन्महिने पडून असलेली गनही सुरुवातीला मंद वागते. कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर वापराविना कमजोर होतो आणि चार्ज गळू लागतो. ताजे सेल घालून गन काही मिनिटं चार्ज होऊ द्यावी, मग थांबत थांबत दहाएक वेळा उडवावी. बऱ्याचदा ती सुधारते. पावसाळ्यात काम नसलं तरी महिन्यातून एकदा हे करायला हवं.

मात्र गन उघडू नका. सेल काढले की ती मृत होते, हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे. सेल काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये कित्येक तास शेकडो व्होल्ट राहू शकतात, आणि तो धक्का जिवावर बेतू शकतो. ताजे सेल आहेत, दिवा लागतोय आणि टेस्ट बटणावरही उजेड नाही, किंवा आतून जळका वास येतोय, फटफट आवाज होतोय, तर काम दुरुस्तीवाल्याचं. त्याला नुसतं ‘चालत नाही’ असं सांगू नका. टेस्ट बटणावर पडते का, शूवर पडते का, कोणत्या सेलवर, कोणत्या कॅमेऱ्यावर, गार असताना की तापल्यावर, हे कागदावर लिहून गनबरोबर द्या.