पुण्यातील पारंपरिक वाड्याचे नूतनीकरण : रचना, साहित्य आणि आधुनिक निवास

प्रास्ताविक :

पुणे शहराच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार इत्यादी पेठांची ओळख दीर्घकाळ वाड्यांशी जोडली गेली होती. १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी झाली आणि पेशव्यांच्या कारभाराचे केंद्र पुण्यात स्थिरावले. त्यानंतर सरदार, सावकार, कारकून, शास्त्री-पंडित अशा विविध स्तरांतील कुटुंबांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे येथे वाडे बांधले. नाना फडणविसांचा नानावाडा, दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अशा मोजक्या वास्तू आज सार्वजनिक वारसा म्हणून ओळखल्या जातात. परंतु वाडासंस्कृतीचा मोठा भाग अशा राजवास्तूंत नव्हता. तो एक-दोन चौकांच्या साध्या कौटुंबिक घरांत होता. ही घरे आज झपाट्याने नाहीशी होत आहेत.

अशा घराच्या वारसांपुढे सामान्यतः दोनच पर्याय आहेत असे मानले जाते : वाडा पाडून इमारत बांधणे किंवा वाडा जसा आहे तसा कोसळेपर्यंत राहू देणे. जुन्या घराची मूळ चौकट राखून त्यात आजच्या राहणीस योग्य, प्रकाशमान व ऊबदार निवास निर्माण करणे हा तिसरा मार्ग आहे. प्रस्तुत लेखात या मार्गाच्या शक्यता आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) वाड्याच्या रचनेमागील वास्तुतत्त्वे स्पष्ट करणे.
२) वाड्यांच्या ऱ्हासाची तांत्रिक व सामाजिक कारणे समजून घेणे.
३) नूतनीकरणाच्या कामाचा योग्य क्रम मांडणे.
४) वाड्यातील काय राखावे व काय बदलावे याविषयी विवेचन करणे.

वाड्याची रचना :

वाड्याचा विचार चौकापासून सुरू होतो. दगडी जोत्यावर चौकाभोवती ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांची मांडणी असते. वर माडी आणि ऐपत असल्यास दिवाणखाना असतो. घराचे मोजमाप खणांत केले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. यावरूनच वाड्याचे खरे बळ भिंतीत नसून खांब, तुळई आणि कडीपाट यांच्या लाकडी सांगाड्यात असते, हे लक्षात येते. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यामुळे जमिनीतील ओल लाकडात चढत नाही. बाहेरच्या जाड भिंती खाली दगडाच्या व वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असतात आणि त्यांवर चुन्याचा गिलावा असतो.

या मांडणीचा पुण्याच्या हवामानाशी निकटचा संबंध आहे. एप्रिल महिन्यात येथील कमाल तापमान सरासरी ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर रात्रीचे किमान तापमान २० अंशांच्या आसपास असते. दिवस व रात्र यांतील एवढ्या फरकात जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेते आणि ती आतपर्यंत पोहोचेपर्यंत बाहेरची हवा गार झालेली असते. रात्री चौकातील गार हवा खाली बसते आणि भोवतीच्या खोल्यांत पसरते. म्हणजे चौक ही केवळ शोभेची किंवा धार्मिक विधींची जागा नसून घराच्या श्वसनाची जागा आहे. चौकावर पत्रा घालून ‘जागा वाढवण्याचा’ जो प्रघात अनेक वाड्यांत पडला, त्याने या योजनेचा पायाच काढून घेतला.

वाडा ही कधीच गोठलेली वास्तू नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू झाला आणि पुढे हाताने थापलेल्या कौलांच्या जागी अनेक घरांवर मंगलोरी कौले आली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. हौदाच्या पाण्याऐवजी नळ आला. समईच्या जागी विजेचा दिवा आला. वास्तूचा उपयोगही बदलत गेला. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडवाडा विकत घेतल्यानंतर तेथे निवासाबरोबरच ‘केसरी’चे कार्य चालले. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेव्हा बदल हा वाड्याच्या परंपरेचाच भाग आहे. प्रश्न बदल करावा की नाही हा नसून तो वास्तूच्या प्रकृतीस मानवेल असा कसा करावा, हा आहे.

ऱ्हासाची कारणे :

पहिले कारण पाणी. फुटलेली कौले, तुंबलेली पन्हळ आणि गळकी मोरी यांतून झिरपणारे पाणी भिंतीत पुरलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचते. तेथे लाकूड कुजते, वाळवी लागते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पेठांतील अनेक रस्ते वारंवार डांबर टाकल्याने उंच झाले व जोती खाली गेली. त्यामुळे पावसाचे पाणी उंबऱ्याशी साचू लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्याने आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य मातीच्या भिंती विरघळून खचल्या. या आपत्तीनंतर शहराच्या वस्तीचा रोखच बदलला.

दुसरे कारण आग. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील इमारती भस्मसात झाल्या. १८७९ मधील आगींत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचेही नुकसान झाले. सागवानी सांगाड्याच्या घरात जुनी, उघडी वीजजोडणी हा आजही सर्वांत मोठा धोका आहे.

तिसरे कारण आर्थिक व कायदेशीर आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले आणि त्या काळात त्याची गरजही होती. परंतु दशकानुदशके गोठलेल्या भाड्यातून वाड्याची कौले चाळण्याचा खर्चही निघेनासा झाला. मालक दुरुस्ती करीना व भाडेकरू आपल्या मालकीची नसलेली भिंत सांभाळीना, अशी कोंडी निर्माण झाली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने वार्षिक चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. तथापि, मूळ रक्कमच अल्प असल्याने जुन्या वाड्यांच्या बाबतीत या वाढीचा परिणाम मर्यादित राहिला.

नूतनीकरणाचा क्रम :

नूतनीकरण म्हणजे रंगरंगोटी व सजावट असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात सजावट ही शेवटची पायरी होय. कामाचा क्रम चुकल्यास खर्च वाया जातो आणि वास्तूची हानी होते.

अ) पाहणी व मोजणी : प्रत्येक खण मोजून आराखडा काढावा; भिंतीतील तुळयांची टोके, खांबांचे पाय आणि ओलीच्या खुणा यांची नोंद करावी. कामापूर्वी धोकादायक भागास टेकू द्यावेत.

आ) छप्पर व पाणी : आधी वासे, रीपा व कौले दुरुस्त करावीत. पन्हळी मोठ्या कराव्यात आणि चौकातील पाणी जोत्यापासून दूर नेणारा निचरा मोकळा करावा. छप्पर गळत असताना भिंतीस हात लावू नये.

इ) लाकडी सांगाडा : कुजलेला संपूर्ण खांब काढण्याची गरज क्वचितच असते. खराब भाग कापून त्याच जातीच्या जुन्या, मुरलेल्या लाकडाचा जोड देता येतो. पाडलेल्या वाड्यांचे सागवान यासाठी उपयोगी पडते. जमिनीची उंची वाढवताना तळखडे कोब्यात गाडले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी; खांबाचा पाय फरशीखाली गेला की तो आतून सडू लागतो.

ई) भिंती : येथे सर्वांत मोठी चूक घडते ती सिमेंटची. माती व चुन्याची भिंत ओल घेते आणि ती हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. पृष्ठभागावर क्षार फुटतात, काही वर्षांत गिलावा भिंतीसह सुटतो आणि तुळयांची टोके कुजतात. म्हणून भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा व चुन्याचीच सफेदी वापरणे हिताचे ठरते. चुन्याला वेळ लागतो आणि तो जाणणारा गवंडी शोधावा लागतो; परंतु या बाबतीतील घाई पुढे महाग पडते.

उ) वीज व सांडपाणी : सर्व जुनी वीजजोडणी काढून नळीतून नवी करावी व गळतीरोधक स्वयंचलित खटके बसवावेत. स्नानगृहे व शौचालये शक्यतो एकावर एक, परसाच्या बाजूस घ्यावीत, म्हणजे पाण्याचे नळ लाकडी मजल्यांतून फिरत नाहीत.

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपात जाड, सैल दगडी भिंती आणि जड मातीची धाबी यांनी मोठी जीवितहानी केली. जाड भिंत म्हणजे सुरक्षित भिंत नव्हे, हा त्याचा धडा होय. त्यामुळे भिंती परस्परांशी व लाकडी सांगाड्याशी घट्ट बांधून घेण्याचे काम संरचना अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

आधुनिक राहणीशी मेळ :

वाड्याचे स्मरण करताना त्यातील अंधाराचे विस्मरण होते. माजघर आणि स्वयंपाकघर हे बहुधा घराचे सर्वांत काळोखे व धुराने काळवंडलेले भाग होते आणि स्त्रियांचे आयुष्य तेथेच जाई. देवडी, ओसरी व माजघर ही क्रमवारी केवळ हवामानाने ठरलेली नव्हती. कोणी कुठवर यावे याचे जातीचे व स्त्री-पुरुषभेदाचे नियम तिच्यात कोरलेले होते. बाळंतिणीची अंधारी खोली किंवा सोवळ्याचे स्वयंपाकघर ‘मूळ रूपात’ राखण्याचे प्रयोजन आज नाही. नूतनीकरणात निवड करावयाची असते आणि ही निवड केवळ सौंदर्याची नाही.

म्हणूनच माजघर व चौक यांच्यामधील बिनभाराची भिंत काढून तेथे काचेची सरकती दारे घेणे, स्वयंपाकघर चौकाकडे खुले करणे, छपरात काही काचेची कौले बसवणे हे बदल वास्तूच्या विरोधी नाहीत. वृद्धांसाठी अरुंद, काळोख्या जिन्याऐवजी कठडा असलेला रुंद जिना व तळमजल्यावर निजण्याची खोली आवश्यक ठरते. कोनाडे पुस्तकांसाठी, ओसरी बैठकीसाठी, कडीपाट झाकणाऱ्या कृत्रिम छताऐवजी उघडा कडीपाट आणि त्यावर मंद, पिवळसर प्रकाश, शहाबादी फरशी, चुन्याचा मऊ पोत या साऱ्यातून येणारी ऊब बाजारातून आणावी लागत नाही. ती घरातच असते. बदल करताना तो पुढे काढता येईल असा असावा, हे संवर्धनशास्त्रातील मान्य तत्त्व कौटुंबिक घरासही लागू पडते.

मालकी व परवानगी :

तांत्रिक प्रश्नांपेक्षा कुटुंबातील सहमतीचा प्रश्न अधिक बिकट असतो. तीन-चार पिढ्यांत हिस्सेदारांची संख्या वाढते. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद म्हणून समान हक्क मिळाला. तो न्याय्य आहे आणि हिश्श्यांचा विचार करताना तो प्रथमच ध्यानात घेतला पाहिजे. लेखी वाटणीपत्र किंवा सामाईक वापराचा करार झाल्याशिवाय काम सुरू करणे धोक्याचे ठरते. वाडा वारसा यादीत असल्यास श्रेणीनुसार बदलांना मर्यादा येतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक बांधकामाबाबत नोटीस आल्यास तिच्याकडे दुर्लक्ष न करता अभियंत्याचा अहवाल तत्काळ सादर करणे इष्ट होय. भाडेकरू असल्यास त्यांचे हक्क कामाच्या काळातही अबाधित राहतात, याची जाणीव ठेवावी लागते.

निष्कर्ष :

१) वाड्याचे बळ लाकडी सांगाड्यात आणि त्याची प्रकृती चौकात आहे, या दोहोंना बाध न आणता इतर पुष्कळ बदल करता येतात.
२) पाणी, लाकूड, भिंत, वीज व शेवटी सजावट हा क्रम पाळल्यास नूतनीकरण टिकाऊ होते.
३) मूळ साहित्याशी जुळणारे साहित्य वापरणे ही हौस नसून तांत्रिक गरज आहे.
४) परंपरेतील विषमतेच्या खुणा राखण्याचे बंधन वारसांवर नाही.

प्रत्येक वाडा वाचणार नाही आणि प्रत्येक कुटुंबाला तो वाचवणे परवडणारही नाही. मात्र पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा छप्पर, तुळया व भिंती यांची नीट पाहणी व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. पाडलेला वाडा पुन्हा उभा राहत नाही. दुरुस्त केलेला वाडा मात्र पुढच्या पिढीला तोच निर्णय नव्याने घेण्याची संधी देतो.