बीपी मशीनवर ‘कॅलिब्रेटेड’ लिहिलंय, म्हणजे रीडिंग बरोबरच आहे का?

घरच्या बीपी मशीनवर वरचा आकडा १४८ आला आणि त्याच दिवशी दवाखान्यात १३२. रक्तदाब दिवसभरात बदलतो, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण हाच फरक रोज दिसत असेल, तर गोळी वाढवायची की नाही हे कोणत्या मशीनवर भरवसा ठेवायचा यावरून ठरतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी खोका काढून दाखवतं, “अहो, यावर कॅलिब्रेटेड असं छापलंय!”

छापलेलं खरं असू शकतं आणि तरीही रीडिंग चुकीचं असू शकतं. कारण कॅलिब्रेशन, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन हे एकाच अर्थाचे वाटणारे तीन शब्द तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

कॅलिब्रेशन : उपकरण किती चुकतं?

कॅलिब्रेशन म्हणजे उपकरणाने दाखवलेला आकडा जास्त भरवशाच्या मापाशी ताडून पाहणं. मराठीत याला अंशांकन म्हणतात. बीपी मशीन आणि एक अचूक दाबमापक एकाच नळीला जोडतात. मग ५०, १००, १५०, २०० असा दाब देऊन दोन्हींचे आकडे लिहून घेतात. दाबमापकावर १०० असताना मशीन १०४ दाखवत असेल, तर प्रमाणपत्रात ‘४ ने जास्त’ अशी नोंद होते. या मोजमापात स्वतःची किती अनिश्चितता आहे, तेही लिहिलं जातं.

ज्या दाबमापकाशी तुलना केली, ते तरी बरोबर कशावरून? तेही त्याहून अचूक उपकरणाशी ताडलेलं असतं. ही साखळी भारतात नवी दिल्लीतल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जपलेल्या राष्ट्रीय मानकांपर्यंत जाते.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नाही. चूक किती हे शोधणं म्हणजे कॅलिब्रेशन. ती चूक काढून टाकण्यासाठी मशीन जुळवून घेणं हे वेगळं काम आहे. त्यामुळे ‘कॅलिब्रेशन झालं’ याचा अर्थ ‘मशीन पास झालं’ असा होत नाही.

व्हेरिफिकेशन : चूक ठरलेल्या मर्यादेत आहे का?

पास की नापास, हे ठरतं व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजेच पडताळणीत. त्यासाठी आधी लिहून ठेवलेली अट लागते. बीपी मशीनच्या दाब मोजण्यातली चूक साधारणपणे ३ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असावी लागते. १०० ला १०२ दाखवणारं मशीन पास होईल, १०४ दाखवणारं नापास.

पडताळणीचं रोजच्या पाहण्यातलं उदाहरण किराणा दुकानात सापडतं. वैधमापन कायदा, २००९ नुसार व्यापाऱ्याला वजनकाट्याची ठरावीक मुदतीत पडताळणी करून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्यासाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. काटा कायद्यातल्या मर्यादेत बसला, तरच निरीक्षक त्यावर मुद्रांकन करतात.

व्हॅलिडेशन : ज्या कामासाठी घेतलं, ते काम होतं का?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या तिसऱ्या प्रश्नाकडे.

डॉक्टर स्टेथोस्कोप लावून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकतात. घरचं डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. दंडाला बांधलेल्या पट्ट्यात नाडीमुळे जी सूक्ष्म कंपनं होतात, ती ते टिपतं आणि कंपनीने बनवलेल्या गणिती सूत्राने वरचा आणि खालचा आकडा काढतं. म्हणजे पट्ट्यातला दाब अगदी अचूक मोजला गेला, पण सूत्र फसलं, तर स्क्रीनवरचा रक्तदाब चुकणार. नळीला दाबमापक जोडून ही चूक कधीच सापडणार नाही. त्यासाठी माणसांवरच चाचणी घ्यावी लागते.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा चाचणीत किमान ८५ जण लागतात. प्रशिक्षित निरीक्षकांनी स्टेथोस्कोपने घेतलेलं रीडिंग आणि मशीनचं रीडिंग यांची तुलना होते. सरासरी फरक ५ मिलिमीटर पाऱ्याहून जास्त चालत नाही. गरोदर स्त्रियांसाठी वेगळी चाचणी लागते. प्रीएक्लेम्प्सियामध्ये, म्हणजे गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाच्या गंभीर विकारात, काही डिजिटल मशीन रक्तदाब कमी दाखवतात. जिथे धोका ओळखायचा, तिथेच आकडा निर्धास्त करतो.

ऑक्सिमीटरचा धडा

कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरबाबत हाच प्रश्न समोर आला. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ११.७ टक्के वेळा, तर गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत ३.६ टक्के वेळा घडलं.

ही काही रस्त्यावर मिळणारी स्वस्त उपकरणं नव्हती, रुग्णालयात वापरली जाणारी होती. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश आरपार सोडून ऑक्सिजनचा अंदाज घेतो आणि त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या सूचनांनुसार चाचणीत किमान १० जण आणि त्यात गडद वर्णाचे किमान दोघे किंवा १५ टक्के एवढेच अपेक्षित होते. ‘चाचणी झाली’ एवढं ऐकून थांबायचं नाही, ती कोणावर झाली हेही विचारायचं, ते यासाठी.

घरी मशीन असेल तर काय पाहाल?

मॉडेलचं व्हॅलिडेशन तपासा. ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर चाचणीत उतरलेल्या मॉडेल्सची यादी मोफत पाहता येते. गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळ्या याद्या आहेत.

पट्ट्याचा आकार पाहा. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवा. २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना!

वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात न्या. डॉक्टरांच्या रीडिंगशी तुलना करा. फरक मोठा असेल तर मशीन तपासून घ्या. तोवर मनाने गोळी बंद करू नका की वाढवू नका.

थोडक्यात, किती चुकतं हे कॅलिब्रेशन सांगतं, तेवढी चूक चालेल का हे व्हेरिफिकेशन सांगतं आणि ज्याच्या दंडाला पट्टा बांधायचा आहे त्याच्यासाठी हे मशीन योग्य आहे का, हे व्हॅलिडेशन सांगतं. खोक्यावरचा ‘कॅलिब्रेटेड’ हा शब्द यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाबद्दल आहे. उरलेले दोन विकत घेण्याआधी विचारावे लागतात.