मुदतीचा आवाज

बोलावयास आरंभ करताच कोणी गळा आवळावा तसा शब्द मध्येच तुटतो, आणि तोच कंठ हसताना, गाताना किंवा कुजबुजताना मात्र बहुधा मोकळा राहतो. ‘स्पास्मोडिक डिस्फोनिया’ या विकारातील ही विसंगती इतकी विलक्षण आहे की, लुडविग ट्राउबे या जर्मन वैद्याने १८७१ साली त्याचे वर्णन केल्यानंतरही दीर्घकाळ तो मनाचाच रोग समजला गेला. आधीच बोलणे दुष्कर झालेल्या माणसाला, ‘तुम्हांला काही झालेले नाही,’ असे ऐकून परत फिरावे लागणे, हा त्या दुखण्यावरचा मोठाच अन्याय होता.

वस्तुतः दोष असतो तो मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना सुटणाऱ्या आज्ञांत. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू ब्लिट्झर यांनी या स्नायूंत बोट्युलिनम विष अत्यल्प मात्रेत टोचले. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य सुटू न देणे हा या विषाचा धर्म. त्यामुळे मेंदूचा हुकूम निघाला तरी स्नायूवर त्याचा पुरता अंमल बसत नाही.

ही सुई टोचताना रुग्ण जागाच असतो. मान मागे टाकून पडल्यावर कंठमण्याच्या खालून सुई आत शिरते, गिळावयाचे नाही की खोकावयाचे नाही अशी ताकीद असते, आणि ‘ई’ म्हणताच सुईला जोडलेल्या यंत्रातून स्नायूची खरखर उमटली म्हणजे सुई योग्य जागी पोचल्याची खूण पटते. काम काही मिनिटांचे; खरी परीक्षा पुढेच. एकदोन दिवसांनी आवाज निर्मळ होण्याऐवजी पुष्कळदा नुसता वाराच उरतो, पाण्याच्या घोटाला ठसका लागतो, आणि पहिल्या खेपेस आलेला रुग्ण, ‘होते तेही गेले,’ म्हणून घाबरून जातो. आठवडा-दोन आठवडे असे गेल्यावर स्वर स्थिरावतो आणि साधारण तीन-चार महिने साथ देतो. पुढे मुदत सरते, शब्द पुन्हा अडू लागतात, पुन्हा सुई. १९९८ साली हे निदान झालेल्या डायान रेम या वॉशिंग्टनच्या निवेदिकेने अशाच इंजेक्शनांच्या आधारे आपला नभोवाणीवरील कार्यक्रम पुढे अनेक वर्षे चालविला.

मात्रा सर्वांना एकच मानवत नाही. आवाज कितव्या दिवशी बसला, ठसका कधी थांबला, टेलिफोनवर बोलणे कधी सुकर झाले, ही रुग्णाने ठेवलेली नोंद मला कोणत्याही आलेखाइतकीच मोलाची वाटते. कारण शिक्षकाला सुटीत सुई घेऊन शाळा उघडेतो कुजबुजीचे दिवस उरकावयाचे असतात, तर दुसऱ्या कोणाला अल्प मात्रा वारंवार घेणे पत्करते, आणि पुढच्या खेपेची तजवीज या हकिकतीवरूनच ठरते.